नाममुद्रा आणि संशोधकाचा ओळखक्रमांक

नुसते ‘पुसेगाव’ म्हटले, तर पुष्कळांना सातारा जिल्ह्यातील सेवागिरी महाराजांचे पुसेगाव आठवते. आपले पुसेगाव सांगावयाचे, तर हिंगोली जिल्ह्याचे नाव जोडावे लागते. आणि १९९९ पर्यंत तो जिल्हाही परभणी होता. म्हणजे नाव एक असून गावे दोन, आणि गाव एक असून पत्ते दोन. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावास सहा अंकी क्रमांक मिळाला, त्याने ही अडचण दूर होते. ग्रंथकारांची अडचण मात्र अद्याप पुरती सुटलेली नाही.

तिचे जुने उदाहरण याच जिल्ह्यात आहे. नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांची ‘नामा’ ही मुद्रा सोळाव्या शतकातील महाभारतकार विष्णुदास नामा यांच्याही रचनांत येते. परिणामी दोघांची पदे एकमेकांत मिसळली आणि भाषेचे वळण व हस्तलिखितांची साक्ष यांवरून ती निवडण्याचे काम अभ्यासकांच्या वाट्यास आले.

छापखाना आल्याने हा प्रश्न संपला असे समजू नये. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) आणि त्यांचे थोरले बंधू, निरुक्ताचे संपादक वैजनाथ काशिनाथ राजवाडे, हे मराठीत ‘वि. का.’ व ‘वै. का.’ म्हणून सहज वेगळे राहतात. रोमन लिपीत मात्र दोघेही ‘व्ही. के. राजवाडे’ होतात. पहिल्यांनी ज्ञानेश्वरीचे व्याकरण लिहिले, दुसऱ्यांनी यास्काचे संपादन केले. दोघांचा विषय भाषाच. तेव्हा परदेशातील सूचिकाराने दोघांस एक समजल्यास त्याला दोष कसा द्यावा? याखेरीज ‘चौधरी’ हे आडनाव रोमन लिपीत निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिले जाते, आणि विवाहानंतर आडनाव बदलणाऱ्या विदुषीचे पूर्वीचे लेखन तर सूचीत परक्याच व्यक्तीचे ठरते.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेली ‘ऑर्किड’ ही आंतरराष्ट्रीय नोंदवही यावरील उपाय होय. संशोधकाने स्वतः, विनामूल्य नोंदणी करावयाची. त्यास सोळा स्थानांचा क्रमांक मिळतो. शेवटचे चिन्ह आधीच्या पंधरा अंकांवरून गणिताने काढलेले असते, त्यामुळे लिहिताना झालेली अंकाची चूक पकडता येते. या क्रमांकातून देश, संस्था वा पद यांपैकी काहीही कळत नाही, आणि हाच त्याचा गुण. आपली आडनावे गाव सांगतात, व्यवसाय सांगतात, जातही सांगतात; हा क्रमांक केवळ निर्देश करतो. तर्कशास्त्रज्ञ ज्यास शुद्ध विशेषनाम म्हणतील, ते हेच.

आपल्या देशात गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘विद्वान’ ही तज्ज्ञसूची आहे. तीत ऑर्किड क्रमांक जोडता येतो. तथापि कार्यशाळा भरवून शंभर खाती उघडली आणि ती रिकामीच राहिली, तर तो प्रसार नव्हे. क्रमांक लेख स्वीकारतानाच मागितला गेला पाहिजे. नियतकालिकाने तो लेखाच्या ‘डीओआय’ या अंकीय क्रमांकाबरोबर नोंदविला, तर संशोधकाच्या अनुमतीने लेखाची नोंद त्याच्या खात्यावर आपोआप जाऊ शकते. येथेच मराठीची अडचण आहे: ज्या मराठी नियतकालिकांना डीओआय नाही, त्यांतील लेख लेखकाने स्वहस्ते नोंदवावे लागतात. ते न केल्यास चार इंग्रजी निबंध दिसतात आणि वीस वर्षांचे मराठी लेखन अदृश्य राहते; निवडसमिती मग जे दिसते तेच मोजते.

हा क्रमांक लेखनाच्या योग्यतेची ग्वाही देत नाही, हेही ध्यानात असावे. खात्यावरील पुष्कळशी माहिती स्वतः दिलेली असते. ती पडताळण्याचे काम संस्थेचे. शिवाय नोंदणी स्वतःच करावयाची असल्यामुळे दिवंगतांना तिचा उपयोग नाही. राजवाडे बंधूंना वेगळे ठेवण्याचे काम ग्रंथालयांच्या नामसूचींनाच करावे लागेल.

विद्यार्थ्यांनी नोंदणी पहिल्या लेखापूर्वीच करावी आणि ‘अन्य नावे’ या रकान्यात देवनागरी नाव, पूर्वीचे आडनाव व प्रचलित सर्व रोमन रूपे लिहावीत.