बसायला सीट नसलेली गाडी

दोन्ही स्पार्क प्लग काढले, पहिल्या सिलिंडरच्या भोकात कॉम्प्रेशन गेज घट्ट बसवलं, थ्रॉटल पूर्ण दाबून धरला आणि स्टार्टचं बटण दाबलं. काटा टप्प्याटप्प्याने चढत दीडशे पीएसआयवर थांबला. दुसऱ्या सिलिंडरला तेच केलं, तर काटा एकशेदहाच्या पुढे जाईना. ‘‘इंजिन गरम झालं की येईल वर,’’ विकणारा म्हणाला. फिनिक्समधला जून महिना, बाहेर ४३ अंश, आत पत्र्याचं गॅरेज. आणखी किती गरम व्हायचं राहिलं होतं कोण जाणे. मी गेज पिशवीत टाकलं, त्याचे आभार मानले आणि निघालो.

उभ्याने चालवायची जेट स्की घ्यायची म्हणून मी पाहिलेलं हे तिसरं यंत्र. आधीची दोन पाहताना माझ्याकडे गेज नव्हतं आणि काय बघायचं याची अक्कलही नव्हती. रंग पाहिला, स्टिकर पाहिले, ‘किती सीसी?’ म्हणून विचारलं. बुलेट घ्यायला निघाल्यासारखा गेलो होतो. सीसी ही सगळ्यात शेवटी विचारायची गोष्ट, हे कळायला मला अख्खा उन्हाळा लागला.

मालवण, तारकर्ली, नागाव किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावर आपण जी जेट स्की पाहतो तिला सीट असते. चालवणारा पोरगा मागे बसून हँडल धरतो, गिऱ्हाईक पुढे बसून किंचाळतं, दोन फेऱ्या मारून खाली उतरतं. मी म्हणतो ती वेगळी. हिला सीटच नाही. मागे पाय ठेवायला एक उथळ ट्रे, पुढे बिजागरीवर वरखाली होणारा लांब दांडा आणि त्याच्या टोकाला हँडल. एका वेळी एकच माणूस, तोही उभा. गंमत म्हणजे ‘जेट स्की’ हे नाव मुळात या उभ्या यंत्राचंच, आणि तेही कावासाकी कंपनीच्या मालकीचं. वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणायला लागलो, तसं ते पुढे सगळ्यांनाच चिकटलं.

याची कल्पना क्लेटन जेकबसन या अमेरिकी माणसाची. नोकरी बँकेत, नाद मोटोक्रॉसचा. मोटारसायकलवरून तापलेल्या मातीत आपटल्यावर, हेच पाण्यावर असतं तर पडायला किती बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं, अशी गोष्ट सांगतात. साठच्या दशकाच्या मध्यावर त्याने पहिला नमुना बनवला. बोंबार्डिए कंपनीने १९६८च्या सुमारास बसायची आवृत्ती काढून पाहिली, ती चालली नाही. मग कावासाकीने १९७३ साली उभी आवृत्ती बाजारात आणली. जुन्या मॉडेलांची एक खुबी मला फार आवडते: स्वार पडला की इंजिन मंद चालू राही आणि यंत्र गोल गोल फिरत त्याच्याजवळ परत येई. आता मनगटाला दोरी बांधतात. माणूस पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं.

पाण्याखाली पंखा नसतो. यंत्राच्या पोटात पंप असतो. विहिरीवरची मोटर ज्याने पाहिली त्याला वेगळं काही सांगायला नको. खालच्या जाळीतून पाणी खेचलं जातं, इंपेलर ते मागे ढकलतो, नॉझलमधून फवारा सुटतो आणि यंत्र पुढे जातं. हँडल वळवलं की नॉझल वळतं, म्हणून यंत्र वळतं. यातला धोका नवशिक्याच्या लक्षात येत नाही. फवारा नाही, तर वळणंही नाही. समोर बोय किंवा बोट दिसली की घाबरून थ्रॉटल सोडायचा आणि हँडल फिरवायचं, हे हात आपोआप करतात. थ्रॉटल सुटलेला असतो आणि यंत्र नाकासमोर सरळ जात राहतं. वळायचं तर थ्रॉटल दाबूनच वळायचं, हे हातांना शिकवावं लागतं.

आता निवडीकडे. उभ्या स्कीवर थांबलेलं असताना उभं राहता येत नाही. आपल्या वजनाने ट्रे पाण्याखाली जातो आणि यंत्र कुशीवर वळतं. वेग आला, तळ पाण्यावर उचलला गेला, की मगच तोल येतो. म्हणून विकत घ्यायचा तो मुख्यतः हल, म्हणजे यंत्राचं होडीसारखं अंग. ते किती रुंद आहे आणि आपल्या वजनाला किती उचलून धरतं, हा पहिला प्रश्न. माझं वजन ९२ किलो. एका मित्राची जुनी कावासाकी ४४० मी तासभर चालवली, म्हणजे तासभर तिच्याभोवती पोहलो. ती चिंचोळी. त्याच्या साठ किलोच्या पोरीला ती अलगद घेऊन गेली, मला नाही. १९८२ला आलेली ५५० साधारण त्याच वाणाची. दोन्ही स्वस्त मिळतात, हलक्या आहेत, आणि अंगाने बारीक असलेल्याने खुशाल घ्याव्यात. भारदस्त माणसाने स्वस्ताईला भुलू नये.

१९८७ची कावासाकी ६५० एसएक्स मात्र सोशिक. नाव विचारल्यास नवशिक्याला मी तीच सांगेन, किंवा तिच्यानंतरच्या ७५०पैकी एक, किंवा १९९० पासूनची यामाहा सुपरजेट. सुपरजेटचं आधीचं नाक चौकोनी, १९९६ पासून गोल. टू-स्ट्रोक सुपरजेटचं वजन १४० किलोच्या आसपास, म्हणजे दोघांनी मिळून वाळूवरून ओढता येते. २००३ ते २०११ मधली कावासाकी ८०० एसएक्स-आर लांब आणि वेगात घट्ट बसणारी, पण तिचं मन रेसकडे. २०१७ला आलेली फोर-स्ट्रोक एसएक्स-आर जवळपास १५०० सीसीची आणि २५० किलोची. हौशी लोक पहिलीच म्हणून ती घेतात आणि दुसऱ्या महिन्यात विकायला काढतात. उथळ पाण्यात ती अंगावर आली तर माणूस तिच्याखाली जातो. नवी सुपरजेट, २०२१ची, १०४९ सीसीची, साधारण १७० किलोची. तिच्यात शिकाऊ माणसासाठी ताकद आवळून धरणारा मोड आहे. नवीच घ्यायची ऐपत असेल तर ही बरी.

एका गोष्टीत मात्र माझं मत हट्टी आहे. आधीच्या मालकाने ‘सुधारलेली’ स्की पहिली म्हणून घेऊ नये. हल कापून आखूड केलेला, ट्रेमध्ये पाय अडकवायच्या पट्ट्या, इंजिन इतकं ताणलेलं की साधं पेट्रोल चालत नाही. ती हवेत कोलांट्या मारणाऱ्यांची सामग्री. नवशिक्या दर दोन मिनिटांनी पडतो. पडताना पाय पट्टीत राहिला तर घोटा गेला. मालक आपल्या शौकावर केलेला सगळा खर्च किमतीत धरतो, ती गोष्ट निराळीच.

जुनं यंत्र पाहताना गेज न्यायचंच. दोन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. मग मागचं टोक उचलून बघा. हलच्या आत तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. तडे जाऊन त्यात पाणी मुरलं की यंत्र वर्षानुवर्षं ओलं राहतं आणि कागदावरच्या वजनापेक्षा वीस-वीस किलो जड होतं. मालकाला हे बहुधा माहीतही नसतं. टॉर्च घेऊन पंपात डोकवा. इंपेलरची पाती आणि भोवतालची कडी यांच्यात कागदाएवढी फट असावी. उथळ पाण्यात वाळू खेचली गेली की कडी खरवडली जाते आणि पंप ‘हवा धरतो’. इंजिन बोंबलतं, पण यंत्र पुढे सरकत नाही. इस्लामपूरच्या आमच्या मळ्यात गढूळ पाण्याने मोटरचं हेच व्हायचं. शेवटी मागच्या बाजूला कोरलेला बारा अक्षरांचा नंबर कागदाशी ताडून पाहा. त्यातले शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. आणि आपल्या तलावावर टू-स्ट्रोक चालते का, हे पैसे देण्याआधी विचारा. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरच्या लेक टाहोने कार्ब्युरेटरची टू-स्ट्रोक इंजिनं १९९९ पासून बंद केली आहेत.

मला शेवटी १९९७ची सुपरजेट मिळाली, ७०१ सीसी, आकडे दीडशे आणि एकशेअठ्ठेचाळीस. पेट्रोलमध्ये पन्नासास एक या प्रमाणात तेल मिसळायचं, म्हणजे दहा लिटरला २०० मिलिलिटर. इथल्या मित्रांना हे प्रकरण अवघड वाटतं. माझं बालपण बजाज चेतकच्या मागच्या सीटवर गेलं. पंपावर ‘टू-टी टाका’ हे वाक्य मी बहुधा बाराखडीच्या आधी शिकलो. चेतक सुरू होत नसली की बाबा ती आडवी करायचे. ही सवय मात्र इथे विसरावी लागली. स्की उलटली की तिला कोणत्या बाजूने सरळ करायचं हे मागच्या स्टिकरवर बाण काढून दाखवलेलं असतं. उलट्या बाजूने फिरवलं तर एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात जातं.

शिकायला आम्ही फिनिक्सजवळच्या लेक प्लेझंट या तलावावर जातो. लाइफ जॅकेट तर हवंच, पण वेटसूटची विजारही हवी. नुसत्या पोहण्याच्या चड्डीवर मागे पडलं आणि फवाऱ्याचा झोत शरीरात शिरला, तर आतड्यांपर्यंत इजा होते. कंपन्या हे यंत्रावरच लिहितात, तरी वाचतं कोण. सुरुवात पोटावर. छाती ट्रेमध्ये टाकायची, कोपरांवर भार द्यायचा, थ्रॉटल हलका दाबायचा. यंत्र ओढायला लागलं की गुडघे आत. गुडघ्यांवर एक-दोन दिवस काढावेत, त्यात कमीपणा नाही. मग एक पाय, मग दुसरा, आणि नजर हँडलवर नाही, लांब काठावर. बहुतेक जण हळू जाऊन तोल सांभाळू पाहतात. सायकलसारखंच आहे, हळू गेलं की पडतं. पहिल्या दिवशी मी किती वेळा पडलो ते मोजायचं काम लेकीने घेतलं होतं. चाळीसच्या पुढे तिने कंटाळून सोडून दिलं. ‘‘बाबा, तू उभा राहिलास की हाक मार,’’ म्हणून ती झाडाखाली पुस्तक घेऊन बसली. मी उभा राहिलो तेव्हा हाक मारायला तोंड उघडलं आणि पडलो.

परत आणल्यावर नळीने इंजिनातून गोडं पाणी फिरवायचं असतं. समुद्रात चालवणाऱ्याने तर कधीच चुकवू नये. आधी इंजिन सुरू, मग नळ. थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. क्रम चुकला की पाणी सिलिंडरमध्ये. कोलोरॅडो नदीच्या पाण्यात क्वागा नावाचे इवले शिंपले पसरल्यामुळे ॲरिझोनात आणखी एक नियम आहे: यंत्र पाण्याबाहेर काढलं की तळाचं बूच काढायचं आणि सगळं पाणी निथळू द्यायचं. आधीच्या मालकाने माझ्या स्कीला मागे असं बूच बसवलेलं आहे.

दुसऱ्या रविवारी मी ते लावायलाच विसरलो. शंभर मीटर छान गेलो, चक्क उभा. मग मागचं टोक जड वाटायला लागलं. मला वाटलं, आपलाच तोल जातोय. आणखी थ्रॉटल दिला. इंजिन गुडगुडलं आणि बंद पडलं. यंत्र पोटावर धरून, पाय मारत, काठापर्यंत यायला चाळीस मिनिटं लागली. तेव्हापासून रॅम्पवर ट्रेलर मागे घेताना लेक खिडकीतून डोकं बाहेर काढते आणि आजूबाजूच्या चार गाड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, ‘‘बाबा, बूच?’’