फिरत्या घराचा सौर जमाखर्च

जमाखर्चाची थोरवी व्यापारी बंधूंस आम्ही सांगावी, असे मुळीच नाही. परंतु चाकांवरचे घर घेऊन रानात मुक्कामास जाणारी मंडळी छपरावर सौर पॅनेल बसविताना नेमका तोच विसरतात. पॅनेल आधी विकत घेतले जाते. वीज किती लागते हा प्रश्न दुसऱ्या रात्री, दिवे मंदावल्यावर, सुचतो. म्हणून आम्ही आरंभ खर्चाच्या बाजूने करतो.

प्रत्येक उपकरणाचे वॅट व ते चालण्याचे तास यांचा गुणाकार केला, की वॅट-तास मिळतात. एका लहान कुटुंबाचा दिवस असा धरावा : ४५ वॅटचा छोटा फ्रिज एकूण ८ तास, म्हणजे ३६०, २० वॅटचा पंखा ८ तास, म्हणजे १६०, ५ वॅटचे चार दिवे ५ तास, म्हणजे १००, पाण्याचा पंप, फोन आणि लॅपटॉप मिळून १३०. एकूण ७५० वॅट-तास. आता १५०० वॅटची विजेची शेगडी केवळ अर्धा तास पेटवा; ती एकटीच ७५० खाईल. सबब स्वयंपाक गॅसवर करणे हेच शहाणपणाचे.

आता जमेची बाजू. आपल्याकडे हिवाळ्यात व उन्हाळ्यात सुमारे ५ तासांच्या पूर्ण उन्हाइतकी मिळकत धरता येते. धूळ, उष्णता व तारा यांत चतुर्थांश घट धरली, तर २०० वॅटचे पॅनेल जेमतेम ७५० देते. जेमतेम भांडवलावर पेढी चालत नाही. आम्ही ३०० वॅट सुचवू. एखादी फांदीची सावलीही उत्पन्न बरेच घटविते. म्हणून गाडी उन्हात आणि माणसे सावलीत, असा मुक्काम निवडावा. पावसाळ्यात आंबोलीच्या धुक्यात मात्र हा हिशेब टिकत नाही. तेथे इंजिनावरून बॅटरी भरण्याची सोय हवीच.

बॅटरी ही आपली तिजोरी. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतून, ती टिकावी अशी इच्छा असल्यास, निम्मेच म्हणजे ६०० वॅट-तास काढावेत. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हजाराच्या आसपास देते. परंतु शून्य अंशाखालील थंडीत ती भरू नये, हे लडाखच्या प्रवाशांनी ध्यानी ठेवावे.

शेवटी सुरक्षिततेविषयी. पॅनेलखाली हवा खेळण्यास जागा ठेवावी आणि पॅनेल व बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर बसवावा. सामान्यतः कंट्रोलरला प्रथम बॅटरी आणि मग पॅनेल जोडावे. सोडविताना क्रम उलटा. १२ व्होल्टवर ३०० वॅट म्हणजे २५ अँपिअर. तार बारीक असली तर ती तापते. बॅटरीच्या धन टोकाजवळच योग्य मापाचा फ्यूज असावा. या फ्यूजची किंमत सबंध सामग्रीत क्षुल्लक असते, म्हणूनच तो वगळण्याचा मोह होतो. पण तार घासून उघडी पडली, तर झोपलेल्या कुटुंबाचा तोच एक पहारेकरी असतो.

जो खर्च आधी मांडतो, त्याच्या फिरत्या घरातला दिवा पहाटेपर्यंत जळतो. पेढीवर शिकलेली ही विद्या रानातही तितकीच खरी आहे.