यंत्राला द्यावयाची समज

संगणकावर किंवा मोबाइलवर आपण जे मराठी वाचतो, ते पुष्कळदा मूळचे मराठी नसते. आज्ञावली लिहिणारा आपली वाक्ये इंग्रजीत लिहितो. मागाहून कोणीतरी ती मराठीत आणतो. या कामाला स्थानिकीकरण असे भारदस्त नाव आहे. आजवर ते माणसे करीत आली. आता त्यात कृत्रिम बुद्धीचा एजंट शिरला आहे. एजंट म्हणजे सांगितलेले काम स्वतः फायली उघडून, आज्ञा चालवून तडीस नेणारा यंत्ररूपी मदतनीस. अशा मदतनिसाला स्थानिकीकरणाचे साधन कसे वापरावे हे लिहून द्यावयाचे झाल्यास ते कसे लिहावे? प्रश्न दिसतो तांत्रिक. पण त्याचे उत्तर अखेर भाषेपाशी येऊन थांबते, असे आम्हांस वाटते.

उदाहरणादाखल जीएनयू गेटटेक्स्ट हे साधन घेऊ. ते १९९५ साली प्रथम बाहेर आले आणि आजही मुक्त आज्ञावलींच्या जगात चांगलेच रूढ आहे. त्याची रीत अशी: एक आज्ञा मूळ आज्ञावलीतील वाक्ये वेचून त्यांची यादी करते. यादीतील प्रत्येक नोंदीत वर मूळ वाक्य आणि खाली अनुवादाची जागा असते. आज्ञावलीची नवी आवृत्ती निघाली की दुसरी आज्ञा जुने अनुवाद नव्या यादीत आणून बसवते. तिसरी आज्ञा ती यादी संगणकाला चटकन वाचता येईल अशा रूपात बांधते.

यांतील दुसऱ्या आज्ञेची एक खुबी आहे. मूळ वाक्य थोडेसे बदलले असेल, तर ती जुना अनुवाद टाकून देत नाही. तो तेथेच ठेवते आणि नोंदीवर ‘फझी’ अशी खूण करते. फझी म्हणजे संशयित. कोणीतरी वाचून खात्री करावी, एवढाच त्या खुणेचा अर्थ. बांधणीच्या वेळी अशा संशयित नोंदी वगळल्या जातात आणि वाचकाला तेथे मूळ इंग्रजी वाक्य दिसते. चुकीच्या मराठीपेक्षा खरे इंग्रजी बरे, असा हा सावध हिशेब आहे.

आता मदतनिसाला कोणी एवढेच सांगितले की, ‘एकही नोंद अपुरी ठेवू नकोस’, तर काय होईल? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे खूण पुसून टाकणे! यादी पुरी झालेली दिसेल. पण ‘फाइल हटवता येईल’ हे वाक्य नव्या आवृत्तीत ‘फाइल हटवता येणार नाही’ असे झालेले असेल, तर वाचकापुढे नेमके उलटे विधान जाईल. मुरलेल्या अनुवादकाला हे सांगावे लागत नाही. मदतनिसाला मात्र नियम आणि त्यामागचे कारण, दोन्ही लिहून द्यावे लागतात. नुसता नियम दिला तर न सांगितलेल्या प्रसंगी तो अडखळतो. कारण ठाऊक असले तर तेथेही वाट काढण्याचा संभव असतो.

दुसरी गोष्ट तपासणीची. साधनाला अनुवादातील रिकाम्या जागा मूळ वाक्याशी ताडून पाहता येतात. एका वाक्यात दोन जागा आहेत असे समजा: आधी पाठवावयाची वस्तू, नंतर ती ज्याला पाठवावयाची त्याचे नाव. मराठीची घडण याच्या उलट: ‘रमाबाई यांना पत्र पाठवा’. शब्द मराठी क्रमाने मांडले, पण जागांना क्रमांक घातले नाहीत, तर पडद्यावर उमटते, ‘पत्र यांना रमाबाई पाठवा’. दोन्ही जागी अक्षरेच भरावयाची असल्यामुळे तपासणीला त्यात काही वावगे दिसत नाही. म्हणून सूचनापत्रात स्पष्ट लिहावे: तपासणी पार पडली म्हणजे आकार बरोबर आहे, अर्थ बरोबर आहे असे नव्हे.

२०२५ सालापासून आज्ञावलीच्या फायलींतच एजंटांसाठी सूचनांची वेगळी फाइल ठेवण्याचा प्रघात पडू लागला आहे. ती आटोपशीर असावी. कारण मदतनिसाला एका वेळी ध्यानात धरता येणाऱ्या मजकुरालाही मर्यादा आहे. कोणती आज्ञा केव्हा चालवावी, मूळ वाक्याला हात का लावू नये, वाचकाला ‘तुम्ही’ म्हणावे की ‘आपण’, अनेकवचनाची रूपे किती, हे सारे तीत यावे. या साधनात जपानीला एक रूप पुरते, मराठीला दोन, तर अरबीला सहा लागतात. आणि संशय आल्यास कोठे थांबावे, हे तर अवश्य यावे.

आमच्या मते शेवटचा नियम असा असावा: मदतनिसाने केलेला प्रत्येक अनुवाद संशयित खुणेसहच ठेवावा, ती खूण मराठी जाणणाऱ्या माणसानेच वाचून काढावी. कोणी म्हणेल, मग यंत्राचा उपयोग तो काय? उपयोग पुष्कळ आहे. वेचणे, जुळवणे, पहिला खर्डा करणे हे कष्टाचे काम ते करील. ग्वाही मात्र माणसाने द्यावी. ज्याला इंग्रजी येते, तो चुकीचे मराठी पाहून मूळ वाक्याकडे वळतो आणि स्वतःला सावरतो. ज्याला मराठीवाचून दुसरी वाट नाही, तो पडद्यावरच्या शब्दावर विश्वास ठेवून बटण दाबतो. हे सूचनापत्र लिहिताना त्याचीच आठवण ठेवली पाहिजे.