काकवी जाते, वाइन येते : विमानप्रवासात बाटली सांभाळावी कशी?



गटकार्यालयात बसले, की लागणीची नोंद, बेणे, खत, तोडणीची पाळी हे प्रश्न ठरलेले. गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, पोरीकडं अमेरिकेला निघालोय. घरची काकवी न्यायची हाय. विमानात चालती का?" आणि परत आल्यावर दुसरा प्रश्न येतो, तो जरा हळू आवाजात. "जावयानं वाइनच्या दोन बाटल्या दिल्यात. पुढच्या वेळी तीन आणल्या तर काय हुतंय?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. काकवी आपल्या उसाची, वाइन द्राक्षाची, दोन्ही शेतमालच. पिण्याचा पुरस्कार करावा हा या लेखाचा हेतू नाही. परंतु बाटली नेताना नियम ठाऊक नसेल, तर माल केराच्या पेटीत जातो, आणि बांधणी कच्ची असेल, तर लेकीसाठी घेतलेल्या साड्यांवर सांडतो. हे दोन्ही टाळता येते. त्यासाठी जे करायचे, ते विमानतळावर नव्हे, घरीच करायचे असते.

हातातली बॅग आणि सामानाची बॅग

विमानात आपल्याबरोबर दोन प्रकारचे सामान जाते. एक मोठी बॅग. ती काउंटरवर वजन करून देतात आणि ती विमानाच्या पोटात जाते. दुसरी हातातली बॅग. ती आपल्याजवळ राहते. बाटलीचे नियम या दोन बॅगांना वेगवेगळे आहेत.

२००६ साली लंडनमध्ये पातळ स्फोटक द्रव्याने विमाने उडवण्याचा कट उघडकीस आला. तेव्हापासून हातातल्या बॅगेतील पातळ पदार्थांवर जगभर बंधने आली. मुंबईहून परदेशी जाताना हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठे भांडे चालत नाही. अशी लहान भांडी एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावतील तेवढीच नेता येतात. येथे भांड्याचा आकार मोजतात, आतला माल नव्हे. अर्धा लिटरच्या बाटलीत तळाला दोन चमचे काकवी असली, तरी ती बाटली अडवतात. काकवी, मध, पातळ तूप, लोणच्याचा खार हे सर्व पातळ पदार्थांतच धरतात. "हे औषध न्हाई, खायाचं हाय" असे सांगून उपयोग नाही.

अडचण अशी, की ही तपासणी होते तेव्हा मोठी बॅग काउंटरवर देऊन झालेली असते. पोचवायला आलेली मंडळी बाहेर राहिलेली असतात. त्यांना आत येता येत नाही. मग बाटली ना पुढे नेता येते, ना मागे देता येते. अंधेरीच्या सहार विमानतळावर अशा वेळी म्हातारी माणसे डोळ्यांत पाणी आणून बाटली पेटीत टाकतात. म्हणून पहिला नियम पक्का : काकवी असो वा वाइन, बाटली मोठ्या बॅगेतच घालावी.

याला एक अपवाद आहे. तपासणीच्या पुढच्या दुकानातून, म्हणजे ड्यूटी फ्रीमधून, घेतलेली बाटली सील केलेल्या पिशवीत देतात. ती हातात नेता येते. मात्र शेवटच्या मुक्कामापर्यंत सील फोडू नये व पावती जपून ठेवावी. अमेरिकेत पहिल्या उतरण्याच्या ठिकाणी मोठी बॅग ताब्यात घेऊन पुन्हा द्यावी लागते. पुढे दुसरे विमान असेल, तर तेथेच ही बाटली मोठ्या बॅगेत घालणे शहाणपणाचे.

बाटली आकाशात फुटत नाही

"वर हवा कमी, म्हणून बाटली फुटते" अशी समजूत आहे. विमान कितीही उंच गेले, तरी आत हवेचा दाब राखलेला असतो. माणसे बसतात तेथे आणि सामान ठेवतात तेथे दाब सारखाच, फार तर ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा. आपले कळसूबाई सुमारे ५,४०० फूट. म्हणजे कळसूबाईपेक्षा बऱ्याच उंच डोंगरावर बाटली नेण्यासारखेच हे आहे. समुद्रसपाटीच्या मानाने दाब चौथा हिस्सा कमी होतो, एवढेच.

काचेच्या बाटलीला हा फरक काहीच नाही. शॅम्पेनच्या बाटलीत मुळातच पाच-सहा वातावरणांचा दाब असतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून जास्त. ती विमानात फुटत नाही, तर साधी वाइन कशाला फुटेल? बाटली फुटते ती पट्ट्यावर, ट्रॉलीवर आणि बॅग आपटताना. दाबाचे काम वेगळे. तो बाटली फोडत नाही, सैल झाकणातून माल गळवतो. बाटलीतल्या मोकळ्या हवेला वर गेल्यावर सुमारे तिसऱ्या हिश्शाने जास्त जागा हवी असते. ती मिळाली नाही, की हवा झाकणातून वाट काढते आणि बरोबर काकवी बाहेर येते.

म्हणून काचेच्या बाटलीला धक्क्यापासून जपावे आणि प्लॅस्टिकच्या बाटलीला गळतीपासून.

काकवी मुळात पक्की हवी

वाइन आंबून झालेली असते. काकवी आंबायची राहिलेली असते. दोघींतला मुख्य फरक हाच. काकवीत पाण्याचे प्रमाण साधारण ३० ते ३६ टक्के असते. ती कच्ची उतरवली, किंवा ओल्या बाटलीत भरली, की वरचा थर पातळ होतो आणि तेथे आंबवण सुरू होते. त्यातून वायू तयार होतो, बाटली फुगते, झाकण उडते. यात विमानाचा दोष नाही.

गुऱ्हाळावर गुळाची काहील ११६ ते ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरवतात. काकवी त्याआधी १०५-१०६ अंशांवर काढतात. अंदाजावर न जाता थर्मामीटर वापरावा. साखरेचे खडे धरू नयेत म्हणून क्विंटलला ४० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालतात. नंतर आठ-दहा दिवस स्थिर ठेवून वरची निवळ काकवी भरावी. फेस, आंबूस वास किंवा फुगलेली बाटली दिसली, तर ती बाटली घरीच ठेवावी, बॅगेत घालू नये.

एक सूचना आग्रहाने करतो. कारखान्याची मळी, म्हणजे मोलॅसिस, ही काकवी नव्हे. ती खाण्याची वस्तू नाही, आणि तिच्यावर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण आहे. "दिसायला सारखीच" म्हणून कोणी बाटलीभर मळी उचलू नये.

भरणी आणि बांधणी

१) काकवीला खाद्यपदार्थाची जाड प्लॅस्टिकची, आट्याच्या झाकणाची बाटली घ्यावी. ती धुऊन उन्हात पूर्ण वाळवावी. काकवी पूर्ण निवल्यावर भरावी. गरम काकवीने बाटली वाकते.

२) वर दोन बोटे जागा ठेवावी. झाकण लावण्यापूर्वी बाटली हलकेच दाबून थोडी हवा काढून टाकावी, म्हणजे वर गेल्यावर फुगायला वाव राहतो.

३) आटे ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावेत. चिकट आट्यावर झाकण घट्ट वाटते, पण बसत नाही.

४) बाटली एक रात्र कागदावर आडवी ठेवावी. सकाळी कागदावर डाग दिसला, तर झाकण बदलावे.

५) झाकणाभोवती चिकटपट्टी, मग एकात एक दोन प्लॅस्टिक पिशव्या, प्रत्येकीला वेगळी गाठ. वाइनच्या बाटलीलाही पिशवी घालावी. फुटली तरी काच आणि रंग आतच राहतो.

६) वाइनच्या बाटलीवर जाड मोजा चढवून वर टॉवेल किंवा बबल रॅप गुंडाळावा. बाटली बॅगेच्या मधोमध ठेवावी, चारी बाजूंनी चार बोटे कपडे. दोन बाटल्या एकमेकींना लागता कामा नयेत. बॅगेच्या कडेला आणि चाकाजवळ बाटली ठेवू नये, कारण धक्का प्रथम तेथे बसतो.

७) बॅग बंद करून हलवावी. आत काही सरकले किंवा वाजले, तर बॅग पुन्हा भरावी.

वजनाचाही हिशेब करावा. वाइनची भरलेली ७५० मिलिलिटरची बाटली साधारण सव्वा ते दीड किलोची. काकवी पाण्यापेक्षा जड. एक लिटर सव्वा किलोच्या वर जाते. पाच लिटर घेतली, तर साडेसहा किलो त्यातच गेले. तिकिटावर किती वजन मान्य आहे ते आधी वाचावे.

उपनगरातला मुक्काम उपयोगी पडतो

आपल्यापैकी बहुतेकांचे कोणी ना कोणी बोरिवलीत, मुलुंडला, घाटकोपरला असतेच. आदल्या रात्री तेथे मुक्काम होतो. बाटलीने एस.टी.च्या डिकीत सात-आठ तास धक्के खाल्लेले असतात. तिची पहिली परीक्षा तेथेच झालेली असते. म्हणून उपनगरात पोचल्यावर बॅग उघडून झाकणे पुन्हा पाहावीत आणि घरच्या काट्यावर वजन करावे. काही कमी पडले, तर बबल रॅप व चिकटपट्टी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

तिकिटावर विमानतळ कोणता, हेही आता पाहावे लागते. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. विमान सहारच्या टर्मिनल २ वरून असेल, तर घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाका गाठावा. तेथे भुयारी मेट्रोत बदलले, की पुढे टर्मिनल २ चे स्टेशन आहे. मुलुंडकरांनी लोकलने घाटकोपरला यावे, बोरिवलीकरांनी अंधेरीला उतरून तीच मेट्रो धरावी. बाटल्यांची बॅग जिन्यावर आपटत नेऊ नये, लिफ्ट आहे.

येताना : दोन बाटल्या, तिसरी नको

आता जावयाच्या वाइनकडे वळू. विमानाच्या सुरक्षेचा नियम मद्याच्या तीव्रतेवर आहे. २४ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असेल, तर त्या नियमाने प्रमाणाची मर्यादा नाही. वाइन साधारण ११ ते १४ टक्के, म्हणजे या गटात. २४ ते ७० टक्के असेल, तर माणशी पाच लिटर, तेही दुकानातल्या सीलबंद बाटलीत. ७० टक्क्यांच्या वरचे अजिबात नेता येत नाही. आसवनीतल्या स्पिरिटची टाकी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे कारण सांगायला नको.

कस्टमचा नियम याहून वेगळा आणि कडक आहे. परदेशातून भारतात येणाऱ्या प्रवाशाला दारू, वाइन, बीअर सर्व मिळून दोन लिटरपर्यंत शुल्क माफ आहे. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. त्या माफीत बसतात. तिसरी घेतली, की सव्वादोन लिटर होतात आणि मर्यादा ओलांडते. तिसरी असेलच, तर लाल मार्गाने जाऊन स्वतः सांगावे व शुल्क भरावे. हिरव्या मार्गाने गुपचूप निघून सापडल्यास दंड होतो, शिवाय चारचौघांत अपमान.

देशातल्या प्रवासातही सावध असावे. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे. विमानाने आणली तरी कायदा तोच. सौदी अरेबिया व कुवेतला जाताना वाइनचे नावही काढू नये. काकवीबाबत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका येथे उतरताना फॉर्मवर "खाद्यपदार्थ आहे" असे लिहून द्यावे. लिहून दिलेला पदार्थ फार तर काढून घेतील. लपवलेल्याबद्दल दंड बसतो.

शेवटचा टप्पा

विमानातून सुखरूप आलेली वाइन पुष्कळदा सहारपासून गावापर्यंतच्या रस्त्यात बिघडते. मे महिन्याच्या उन्हात गाडीची डिकी तापते, वाइन फुगते आणि बूच वर सरकते. बाटली डिकीत न ठेवता पायाशी, सावलीत ठेवावी. घरी आल्यावर चार-आठ दिवस अंधाऱ्या, गार खोलीत राहू द्यावी. बुचाची बाटली जास्त दिवस ठेवायची असेल, तर आडवी ठेवावी, म्हणजे बूच वाळत नाही.

यंदा ज्यांची मंडळी परदेशी जाणार आहेत, त्यांनी गुऱ्हाळवाल्याला काकवीचे आधीच सांगून ठेवावे. आठ-दहा दिवस निवळायला आणि एक रात्र आडवी ठेवायला लागते. निघायच्या आदल्या दिवशी काहिलीतून काढलेली काकवी प्रवासाला टिकत नाही. थर्मामीटर कसा वापरावा, सायट्रिक आम्ल किती घालावे, हे ज्यांना समजून घ्यायचे असेल, त्यांनी गटकार्यालयात अवश्य यावे. उसाच्या नोंदीचे पुस्तक बरोबर आणले, तर दोन्ही कामे एका हेलपाट्यात होतील.

— ऊस विकास अधिकारी