पुरुषांच्या जननेंद्रियातून होणारा रक्तस्राव : डॉक्टरांकडे केव्हा जावे?

हा विषय स्मरणिकेत घ्यावा किंवा कसे, यावर आमच्यात दुमत होते. विहारात येणाऱ्या माता-भगिनी व विद्यार्थी हे पान वाचतील, असा आक्षेप निघाला. परंतु वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ साली अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेब कोणत्या बाजूला उभे होते ते कायमचे नोंदले गेले. विनयपिटकाच्या महावग्गात तर तथागतांनी रुग्णाचेही गुणदोष सांगितले आहेत. जो आपला आजार जसा आहे तसा शुश्रूषा करणाऱ्यापुढे उघड करीत नाही, त्याची सेवा करणे कठीण, असे तेथे येते. तेव्हा लिहायचे ठरले.

आपल्याकडे पुरुषाला लघवीच्या जागी रक्त दिसले की त्याच्या मनात पहिला विचार ‘गरमी’चा येतो, दुसरा ‘धातू’ गेल्याचा. मग तो घरात बोलत नाही. भिंतीवरच्या गुप्तरोगाच्या जाहिरातीत लिहिलेला पत्ता शोधतो. दोन-चार दिवसांनी रक्त आपोआप थांबते आणि औषध लागू पडले असे त्याला वाटते. खरी फसगत येथेच होते. मूत्राशयाच्या कर्करोगात लघवीतून रक्त येते, पुष्कळदा काहीही दुखत नाही, रक्त थांबते आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा दिसते. गाठ मात्र आत वाढतच असते. मुतखडा माणसाला गडाबडा लोळवतो, म्हणून तो त्याच रात्री दवाखान्यात पोचतो. न दुखणारे रक्त मागे राहते. चाळिशीनंतर लघवीत एकदा जरी रक्त दिसले तरी तपासणी करून घ्यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका अधिक. रंगांच्या कारखान्यांतील काही रसायनांनीही हा कर्करोग होतो. इचलकरंजीसारख्या कापडाच्या गावी रंगकामात आयुष्य काढलेल्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

रक्त म्हणजे चारित्र्याचा दोष, ही समजूत किती पोकळ आहे हे सह्याद्रीपलीकडच्या गिमवी गावावरून कळते. रत्नागिरी जिल्ह्यातील या गावात लघवीतून रक्त जाण्यामागे एक चपटा कृमी असल्याचे गाडगीळ व शहा या डॉक्टरांनी १९५२ साली मांडले. हा कृमी गोड्या पाण्यातील बारीक गोगलगायीत वाढतो, पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो आणि मूत्राशयाच्या भिंतीत अंडी घालतो. आपल्याकडे हा आजार विरळाच. पण त्या रुग्णांचा अपराध काय, तर ओढ्यात अंघोळ!

वीर्यात रक्त दिसले की तरुण मुले फार घाबरतात. चाळिशीच्या आत, एक-दोनदाच आले व इतर त्रास नसेल तर ते बहुधा निरुपद्रवी असते आणि काही आठवड्यांत थांबते. वारंवार आले, ताप वा वेदना असल्या किंवा वय चाळिशीपुढे असेल, तर मात्र दाखवावे. क्षयरोग फुप्फुसातच होतो असे नाही, मूत्रमार्गात व प्रोस्टेट ग्रंथीतही होतो. उलट, क्षयावरील रिफाम्पिसिनने आणि बीट खाल्ल्यानेही लघवी तांबडी होते. ते रक्त नव्हे.

बाहेरच्या कातडीचे कारण बहुतेकदा साधे असते. संबंधाच्या वेळी कातडीखालची शीर फाटते, मधुमेहात कातडीला चिरा पडतात. दहा मिनिटे स्वच्छ कापडाने दाबून धरावे. परंतु दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, किंवा मागे न सरणाऱ्या कातडीखालून येणारे रक्त व दुर्गंधी यांवर मलम चोळीत बसू नये. शिस्नाचा कर्करोगही असाच सुरू होतो. पू व रक्त येत असेल तर संसर्गाची तपासणी नवरा-बायको दोघांनीही करावी.

काही वेळा सकाळची वाट पाहू नये. रक्ताच्या गाठींनी लघवी अडली, थंडी वाजून ताप आला, रक्त थांबेना, अंडकोशात एकाएकी कळ आली, ताठर इंद्रियाला मार लागून कट्कन आवाज झाला व सूज आली, किंवा सायकलच्या दांडीवर, ट्रॉलीच्या कडेवर आदळून लघवीच्या तोंडाशी रक्त दिसले, तर तडक मोठे रुग्णालय गाठावे. अशा माराच्या वेळी लघवी होत नाही म्हणून गावात कोणाकडून नळी घालून घेऊ नये. फाटलेला मार्ग आणखी फाटतो.

कोल्हापुरात सी.पी.आर. रुग्णालय आहेच. केसपेपर काढताना रांगेत सगळे सांगण्याची गरज नाही. ‘लघवीचा त्रास’ एवढे पुरे. आत गेल्यावर मात्र रक्त लघवीच्या सुरुवातीस येते, शेवटी येते की पूर्ण धारेत, ते सांगावे. त्यावरून ते कोठून येते याचा अंदाज बांधता येतो. चालू गोळ्या बरोबर न्याव्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, आणि ‘गोळ्यांमुळेच आले असेल’ म्हणून घरीही बसू नये. डॉक्टर कदाचित गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासतील. अर्ध्या मिनिटाचे काम असते. त्याला नाही म्हणून उठून येऊ नये.