पारायण आणि अध्ययन

धर्मग्रंथाचे पारायण आणि त्याचे अध्ययन यांत आम्ही भेद करतो. पारायणाने मनाला शांती लाभते. अध्ययनाने पुष्कळदा ती भंगते.

इ. स. १७२९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात जॉन व चार्ल्स वेस्ली या बंधूंभोवती काही तरुण जमले. ठरल्या वेळी एकत्र बसावे, बायबलचा नवा करार मूळ ग्रीकमधून वाचावा आणि आपले आचरण त्याच्याशी ताडून पाहावे, असा त्यांचा नेम होता. मूळ भाषेच्या आग्रहामागे पांडित्याचा सोस होता, असे आम्हांस वाटत नाही. एकटा वाचणारा सोयीचा अर्थ काढून मोकळा होतो; चौघांत बसले आणि मूळ शब्द समोर असला, की ती पळवाट उरत नाही.

इतरांनी थट्टेने त्यांना ‘मेथडिस्ट’, म्हणजे पद्धतवाले, म्हटले. परंतु बंदिवानाला भेटणे म्हणजे ख्रिस्तालाच भेटणे, असे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात सांगितले आहे. आणि १७३० पासून ही मंडळी खरोखरच तुरुंगात जाऊ लागली.

जे वचन वाचून आपल्या दिनक्रमात तासाभराचाही फरक पडत नाही, ते आपण अद्याप वाचलेलेच नाही, असे आम्ही समजतो.