मोबाईललाही कुंपण हवे



पीएम किसानच्या २००० रुपयांच्या हप्त्याचे नाव सांगून व्हॉट्सॲपवर एखादी फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असते. ती उघडू नका. असले बनावट ॲप मेसेज वाचण्याची परवानगी मागते. आपण 'अलाऊ' दाबले, की बँकेचा ओटीपी परस्पर चोराच्या हाती पडतो आणि खाते रिकामे होते बरं का!

म्हणून आजच एवढे करा. मोबाईलप्रमाणे नावे थोडी बदलतील.

१) सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधा. व्हॉट्सॲप व क्रोमपुढची परवानगी बंद ठेवा.

२) 'परमिशन मॅनेजर'मध्ये 'एसएमएस' उघडा. बँकेचे, यूपीआयचे ॲप राहू द्या. अनोळखी ॲपची परवानगी काढा.

३) हवामानाच्या ॲपला ठिकाण लागते, तेही फक्त वापरतानाच द्या. बॅटरीच्या उजेडाच्या ॲपला मात्र आपले फोननंबर कशाला हवेत?

चुकून बनावट ॲप घेतले गेलेच, तर इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून लगेच बँकेला आणि १९३० या क्रमांकाला कळवा. लाजून गप्प बसू नका. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.